प्रिंट नको, स्कॅन नको: स्मरणिका आणि दिवाळी अंकाची संमतीपत्रं मोबाइलवर कशी घ्यावीत

गावच्या शाळेची शताब्दी स्मरणिका असो, वाचनालयाचा दिवाळी अंक असो, मालवणी शब्दांचा संग्रह असो किंवा दशावताराच्या ध्वनिमुद्रणांची वेबसाइट असो, मजकूर गोळा व्हायचे महिने जून ते ऑगस्ट आणि लिहिणारी माणसं दहा ठिकाणी. एक राजापुरात, एक देवगडला, चौघं डोंबिवली-विरारला, एखादी भाची दुबईत. लेख व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत येतो. अडकतं ते संमतीपत्र. पीडीएफ पाठवायची, समोरच्यानं पावसात बाजारात जाऊन प्रिंट काढायची, सही करून मोबाइलनं फोटो घ्यायचा. तो येतो तिरका, अर्ध्यावर बोटाची सावली आणि नेमकी तारखेची ओळ कापलेली. दोनदा परत मागितल्यावर तिसऱ्यांदा संपादकालाच संकोच वाटतो आणि 'राहू दे, आपलीच माणसं आहेत' म्हणून विषय संपतो.

माणसं आपलीच असतात. पण पाच-सात वर्षांनी तोच अंक वेबसाइटवर ठेवायचा होतो किंवा निवडक लेखांचं पुस्तक काढायचं ठरतं, तेव्हा लेखक हयात नसतो आणि त्याच्या मुलांना कोणी काय कबूल केलं होतं याची कल्पना नसते. म्हणून संमती लेखीच घ्यावी, आणि ती इतकी सोपी करावी की सत्तर वर्षांच्या माणसालाही घरबसल्या देता येईल.

कायदा काय म्हणतो

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० यातली तीन कलमं आपल्या कामाची. कलम ४ प्रमाणे कायद्यानं 'लेखी' मागितलं असेल तिथे इलेक्ट्रॉनिक मजकूर चालतो, फक्त तो पुढे केव्हाही उघडून वाचता आला पाहिजे. कलम ५ प्रमाणे सहीच्या जागी इलेक्ट्रॉनिक सही चालते. आणि कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला, एवढ्याच कारणावरून तो अमान्य करता येत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कलम ५ मधली 'इलेक्ट्रॉनिक सही' म्हणजे पडद्यावर बोटानं काढलेली सही नव्हे. सरकारनं ठरवून दिलेल्या पद्धतीची सही, म्हणजे परवानाधारक संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधारलेली डिजिटल सही किंवा आधार ई-साइन (आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीनं होणारी सही), एवढीच त्यात मोडते. दुसरीकडे कॉपीराइट कायदा १९५७ दोन वेगळ्या गोष्टी ओळखतो. कॉपीराइट कायमचा दुसऱ्याच्या नावावर करायचा असेल, म्हणजे हस्तांतरण असेल, तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं हवं. नुसती वापरायची परवानगी द्यायची असेल तर कलम ३० लागतं. २०१२ च्या दुरुस्तीपासून त्यात 'लेखी' एवढीच अट उरली आहे, 'सहीनिशी' हा शब्द गेला.

त्यामुळे आमचा आग्रहाचा सल्ला असा: स्मरणिका आणि दिवाळी अंकासाठी हस्तांतरण मागूच नका, परवानगी मागा. लेखकाचा हक्क लेखकाकडे राहतो, त्याला दुसरीकडे छापायची मोकळीक राहते, आणि तुम्हाला साध्या लेखी होकारावर काम करता येतं. नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं वाक्य असतंच. ते खोडा. दोन प्रतींच्या मोबदल्यात कुणाचा आयुष्यभराचा हक्क घेणं बरोबर नाही, आणि अशा कागदाला साधा होकार पुरतही नाही.

आधी मजकूर नीट करा

सही कितीही पक्की असली तरी खालचा मजकूर ढिसाळ असेल तर उपयोग नाही. संमतीपत्र एका पानाचं, मराठीत आणि मोबाइलवर बोटानं न वाढवता वाचता येईल असं हवं. नमुना असा:

'मी ………, "बंदरावरचा बाजार" हा माझा लेख (कोड ०१७, ५ छायाचित्रांसह) या स्मरणिकेत छापण्यास आणि स्मरणिकेच्या वेबसाइटवर ठेवण्यास परवानगी देत आहे. लेखाचा कॉपीराइट माझ्याकडेच राहील व मी तो इतरत्र प्रसिद्ध करू शकेन. मुदत: प्रसिद्धीपासून २० वर्षे. क्षेत्र: संपूर्ण जग. मोबदला: छापील अंकाच्या २ प्रती. लेख एका वर्षात प्रसिद्ध झाला नाही तरी ही परवानगी कायम राहील. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या मान्य. आशय बदलायचा असल्यास मला विचारावे. लेख व छायाचित्रे माझी स्वतःची आहेत.'

यातला एकही शब्द शोभेचा नाही. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारत धरला जातो, आणि वेबसाइट तर जगभर उघडते. मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो संपतो, वेगळं ठरलं असेल तरच टिकतो; स्मरणिका दोन वर्षं रखडणं नवीन नाही, म्हणून ते वाक्य. या तिन्ही गोष्टी कलम १९ मधल्या, आणि कलम ३०अ मुळे त्या परवानगीलाही लागू होतात. मोबदल्याची ओळ भारतीय करार कायदा १८७२ साठी: मोबदल्याशिवायचा करार सहसा टिकत नाही. मानधन नसेल तर प्रती लिहा, पण काहीतरी लिहा. मोठी रक्कम ठरत असेल तर स्टॅम्प ड्युटीचा प्रश्न येतो. त्याचा सहीच्या पद्धतीशी संबंध नाही. तो कागद वकिलांना दाखवा.

कोड नंबर प्रत्येक लेखाला पहिल्या दिवशीच द्या. एकाच लेखकाचे दोन लेख, किंवा 'आठवणी' याच नावाचे चार लेख, हे दर स्मरणिकेत होतं.

नावाच्या रकान्यात दोन ओळी ठेवा: आधारवरचं किंवा बँकेतलं नाव आणि अंकात छापायचं नाव. लग्नानंतर बदललेलं नाव, टोपणनाव, 'बाबी', 'दादा' असली हाकेची नावं यांचा घोळ इथेच मिटतो.

फॉन्ट युनिकोडच हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला मजकूर ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे अक्षरांची रांगोळी होऊन उघडतो, आणि न वाचता येणाऱ्या कागदावरची संमती ही संमतीच नव्हे. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांसारखा फॉन्ट वापरून पीडीएफ करा, आणि ती एका साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून जोडाक्षरं तपासा. 'क्ष', 'र्‍य', 'द्ध्य' आधी बघा, मोडायची तर तीच मोडतात.

कोणत्या कागदाला किती पक्की सही

साध्या लेखाच्या परवानगीला लेखी होकार पुरतो: गुगल फॉर्म, ईमेल किंवा एसएमएस. ज्या मजकुरावर पुढे पैसा उभा राहणार आहे, उदाहरणार्थ संपूर्ण शब्दकोश, मुखपृष्ठाचं चित्र, विक्रीला जाणारं ध्वनिमुद्रण, त्याला किंवा कोणत्याही हस्तांतरणाला आधार ई-साइन घ्या, नाहीतर यूएसबी टोकनवरची, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या उपकरणातली, क्लास ३ डिजिटल सही. मंडळाच्या सीएकडे किंवा ठेकेदारी करणाऱ्या सभासदाकडे असं टोकन बहुधा असतंच, पण ते ज्याच्या नावाचं त्यानंच वापरायचं.

मधल्या पायरीवर सही गोळा करणाऱ्या सेवा येतात: झोहो साइन, डॉक्युसाइन, ॲडोबीची सेवा, किंवा स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारं मुक्त स्रोत डॉक्युसील. त्या दुव्यावरून सही घेतात आणि कोणत्या ईमेलवरून, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून कागद उघडला आणि मान्य केला याची नोंद जोडून देतात. शंभर-दीडशे लेखक असतील तर सोयीचं. वीस-पंचवीस जणांसाठी फॉर्म बरा.

सर्वांत कमकुवत प्रकार म्हणजे सहीचा फोटो कापून पीडीएफवर डकवणं. दिसायला ती सही दिसते, पण ती कोणी डकवली, कधी, आणि नंतर वरचा मजकूर बदलला का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. 'मंजूर आहे' एवढाच स्वतःच्या ईमेलवरून आलेला एका ओळीचा होकार त्याहून कितीतरी भक्कम. माणूस, मजकूर आणि वेळ ही तीन टोकं एकमेकांना बांधली गेली पाहिजेत. अक्षर वळणदार आहे की नाही याला महत्त्व नाही.

गुगल फॉर्म: बारकाव्यांसह

१. मंडळाच्या नावानं वेगळं गुगल खातं उघडा. सचिवाच्या खासगी खात्यावर फॉर्म केला की सचिव बदलल्यावर संमत्याही त्याच्याबरोबर जातात.

२. संमतीपत्राचा पूर्ण मजकूर फॉर्मच्या वर्णनातच टाका. नुसता दुवा देऊ नका; दुव्यामागची फाइल उद्या बदलू शकते आणि मग नक्की कशाला होकार दिला हे सांगता येत नाही. मजकुराच्या शेवटी आवृत्ती लिहा: 'संमतीपत्र आवृत्ती २, १५ जून'.

३. सेटिंग्जमध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय 'व्हेरिफाइड' ठेवा. म्हणजे लेखक स्वतःच्या गुगल खात्यात असल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही. दुसरा पर्याय असतो तो लेखकानं पत्ता टाईप करण्याचा. त्यात कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो.

४. उत्तराची प्रत पाठवण्याचा पर्याय 'ऑलवेज' करा. ही या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट. उत्तरं जमा होतात ती तुमच्याकडची शीट तुम्ही बदलू शकता, त्यामुळे तिचा पुरावा म्हणून जोर कमी. लेखकाच्या इनबॉक्समध्ये त्याच क्षणी गेलेली प्रत तुमच्या हाताबाहेर असते.

५. 'उत्तर नंतर बदलू द्या' बंद. 'प्रत्येकानं एकदाच भरावा' हेही बंद ठेवा, कारण दोन लेख देणाऱ्याला दोनदा भरायचं असतं.

६. प्रश्न पाचच: कोड, कागदोपत्री नाव, छापायचं नाव, 'वरील मजकूर वाचला, मला मान्य आहे' असा आवश्यक चौकोन, आणि शेवटी पूर्ण नाव पुन्हा टाईप करायची जागा. जन्मतारीख, पत्ता, आधार नंबर मागू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ लक्षात घेता गरजेपुरतीच माहिती घेणं योग्य, आणि गावात आधारची झेरॉक्स इकडेतिकडे पडलेली बघून लोक आधीच धास्तावलेले असतात.

७. तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'प्री-फिल्ड लिंक' काढा आणि प्रत्येक लेखकाचा कोड व नाव आधीच भरलेली लिंक त्यालाच पाठवा. त्याला फक्त वाचून चौकोन टिचकवायचा आणि नाव लिहायचं उरतं. चुकीच्या कोडची कटकट यानं बरीच कमी होते.

पहिला होकार आल्यावर फॉर्मचा मजकूर बदलू नका, स्वल्पविरामसुद्धा नको. बदल अटळ असेल तर फॉर्मची प्रत काढून 'आवृत्ती ३' करा आणि आधीच्यांना पुन्हा विचारा. हे कंटाळवाणं वाटतं. पण एकाच फॉर्मखाली दोन वेगळे मजकूर मान्य केलेले लोक निघाले, तर सगळ्यांच्याच होकारावर शंका येते.

लिंक पाठवताना व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका, प्रत्येकाला वेगळी पाठवा. सोबत दोन वाक्यं हवीत, नाहीतर लोक तिला फसवणुकीची लिंक समजून पुसून टाकतात, आणि त्यांचं बरोबर असतं. 'काका, तुमच्या लेखाच्या परवानगीचा फॉर्म पाठवलाय. ओटीपी, बँक, आधार यातलं काही त्यात मागितलेलं नाही. वाचून पटलं तरच भरा, नाहीतर संध्याकाळी फोन करतो.' आधी फोन, मग लिंक. कोकणात हाच क्रम चालतो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही

साध्या बटणांच्या फोनवरून आलेला एसएमएस हाही इलेक्ट्रॉनिक लेखी मजकूर आहे. पद्धत अशी: आधी फोनवर पूर्ण संमतीपत्र वाचून दाखवा, सावकाश, हवं तर मालवणीत समजावून. मग मंडळाच्या नंबरवरून एसएमएस पाठवा आणि उत्तर मागा. देवनागरी एसएमएसचा एक भाग ७० अक्षरांचा असतो, रोमन लिपीत १६०. लांबलचक मजकूर तुटून, कधी उलटसुलट पोचतो. म्हणून एवढंच: 'लेख ०१७, संमतीपत्र आ. २, वाचून दाखवले. मान्य असल्यास: हो ०१७ आणि नाव.'

उत्तर रोमन लिपीत किंवा मोडकंतोडकं आलं तरी चालेल. आलेला एसएमएस फोनमधून पुसू नका, एसएमएसचा बॅकअप घेणारं ॲप वापरून फाइल काढा, आणि त्याच दिवशी नोंदवहीत वेळ लिहा. स्क्रीनशॉट जोडीला ठेवा. एकट्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो बनवणं फार सोपं आहे.

नातवानं आजीच्या वतीनं स्वतःच्या खात्यावरून फॉर्म भरला तर तो नातवाचा होकार झाला, आजीचा नव्हे. आजीचा स्वतःचा नंबर नसेल आणि गावात जाणं शक्य असेल तर सरळ कागदावर सही किंवा अंगठा घ्या. प्रिंट टाळायची ती लोकांच्या सोयीसाठी. त्या हट्टापायी एखादी बाई मागे राहता कामा नये.

आधार ई-साइन: काय लागतं, कुठे अडतं

ई-साइन तुम्ही थेट करून देऊ शकत नाही. परवानाधारक सेवेमार्फत कागद चढवावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक सहीमागे शुल्क असतं. लेखकाला लिंक जाते, तो कागद वाचतो, संमतीचा चौकोन टिचकवतो, मग सेवेचं वेगळं पान उघडतं. तिथे १२ आकडी आधार नंबर किंवा १६ आकडी व्हीआयडी (आधार नंबरऐवजी चालणारा पर्यायी नंबर) टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की सही उमटते. आधार नंबर त्या पानावरच टाकायचा असतो. तुम्हाला तो कळत नाही, आणि तुम्ही विचारूही नये. ओटीपी तर कधीच नाही. 'तुम्ही नुसता ओटीपी सांगा, मी इकडे करतो' असं म्हणून सही उरकली तर ती सही तुमची झाली.

अडतं ते बहुतेक मोबाइल नंबरवर. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा मुंबईतल्या मुलाचा असतो. लिंक पाठवायच्या आठ दिवस आधी लेखकाला माय आधार संकेतस्थळावर 'व्हेरिफाय मोबाइल' करून बघायला सांगा. नंबर बदलायचा असेल तर आधार केंद्र आहेच, शिवाय २०२१ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही हे काम करतात. डोंगराआडच्या वाडीतल्या माणसाला तालुक्याला खेप घालण्यापेक्षा ते सोपं.

दुसरी अडचण रेंजची. घरात वायफाय आहे पण सिमला रेंज नाही, ही कोकणात नेहमीची गोष्ट. पान उघडतं, ओटीपी येत नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गेलं की ओटीपी येतो, पण तिथे डेटा चालत नाही. ओटीपी साधारण दहा मिनिटं चालतो, तेवढ्यात सडा उतरून घर गाठणं होत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी, माणूस तालुक्याच्या गावी असताना लिंक पाठवा आणि पाच मिनिटं फोनवर थांबा. दोनदा ओटीपी मागूनही आला नाही तर तिसऱ्यांदा लगेच मागू नका, अर्धा तास जाऊ द्या. पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरचीही बॅटरी उतरते, त्यामुळे संध्याकाळवर काम ठेवू नये.

तिसरी नावाची. सहीत नाव उमटतं ते आधारवरचं. संमतीपत्रात 'सौ. सुमन' आणि आधारवर माहेरचं नाव असेल तर कागदातच 'म्हणजेच' असं लिहून दोन्ही नावं द्या. सही झाल्यावर हे घालता येत नाही.

आलेली सही तपासायची कशी

ई-साइन झालेली पीडीएफ मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडली तर फक्त सहीचा चौकोन दिसतो, पडताळणी होत नाही. कॉम्प्युटरवरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. पहिल्यांदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसेल आणि सही पडताळली नसल्याची सूचना येईल. घाबरू नका. भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचं, म्हणजे सीसीए इंडियाचं, मूळ प्रमाणपत्र तुमच्या मशीनला ओळखीचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीच्या चौकोनावर राइट क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज उघडा, तिथून सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र, मग डावीकडच्या साखळीत सर्वांत वरचं 'सीसीए इंडिया' निवडा, 'ट्रस्ट' टॅबमध्ये ते विश्वासार्ह यादीत घाला आणि पुन्हा पडताळा. हिरवी खूण यायला हवी. एका मशीनवर हे साधारण एकदाच करावं लागतं. साखळीच्या टोकाला सीसीए इंडियाऐवजी दुसरंच काही दिसलं, तर ते विश्वासार्ह यादीत घालू नका, आधी सेवा देणाऱ्याला विचारा.

ई-साइनसाठी तयार होणारं प्रमाणपत्र अवघ्या ३० मिनिटांचं असतं. त्यामुळे काही महिन्यांनी तपासताना 'मुदत संपली' असं दिसू शकतं. ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये पडताळणीची वेळ 'सही झाली ती वेळ' अशी निवडली की हा गोंधळ मिटतो.

'सहीनंतर कागद बदलला' अशी सूचना आली, तर बहुधा कुणीतरी फाइल 'लहान' करण्यासाठी एखाद्या वेबसाइटवर टाकलेली असते किंवा दुसऱ्या पीडीएफला जोडलेली असते. नुसतं पुन्हा प्रिंट-टू-पीडीएफ केलं तर सही पूर्ण जाते आणि मागे तिचं चित्र उरतं. सही झालेली फाइल आली तशीच ठेवायची. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही.

वारस, मुलं, चित्रं आणि खेळ

लेखक गेल्यावर कॉपीराइट ६० वर्षं वारसांकडे असतो. जुन्या अंकातली कविता पुन्हा छापायची तर सातबाऱ्यावर जशी भावंडांची नावं निघतात तशीच इथेही निघतात, आणि सगळ्यांची संमती लागते. 'थोरल्या भावाला मुखत्यारपत्र देतो, तो सही करेल' असं सुचवलं जातं. पण असं घरगुती मुखत्यारपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेत येत नाही, ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं करता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक वारसाला तीच लिंक पाठवून वेगवेगळा होकार घेणं कितीतरी जलद.

१८ वर्षांखालच्या मुलाचा करार कायद्यानं टिकत नाही. शाळेच्या अंकातलं चित्र मुलाचंच, हक्कही त्याचाच. त्याच्या वतीनं आई किंवा वडील फॉर्म भरतात आणि मुलाचं नाव वेगळ्या ओळीत येतं.

पिंगुळीच्या चित्रकथीचा फोटो छापायचा तर त्यात दोन माणसं असतात, चित्र काढणारा आणि फोटो काढणारा. फोटोग्राफरनं संमती दिली म्हणून चित्रकाराचं काम झालं असं होत नाही. दोघांना दोन कोड द्या. दशावताराच्या मुद्रणात तर संहिता छापील नसते, संवाद रंगमंचावरच उभे राहतात. कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे, तो ५० वर्षं चालतो. कंपनीच्या मालकाबरोबर प्रत्येक नटाचा होकार घ्या. जत्रांच्या हंगामात ही मंडळी रात्रभर खेळ आणि दिवसा प्रवास करतात, त्यामुळे दिवाळीआधी, खेळ सुरू होण्यापूर्वी गाठा.

जपून ठेवणं

प्रत्येक कोडचं एक फोल्डर करा. त्यात संमतीपत्राची आवृत्ती, आलेला होकार आणि लेखाची छापलेली प्रत. एक नोंदवही शीट: कोड, नाव, पद्धत, तारीख-वेळ, कोणी तपासलं, आणि फाइलचा हॅश. हॅश म्हणजे फाइलवरून निघणारा ६४ अक्षर-आकड्यांचा ठसा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी तो पूर्ण बदलतो. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ निवडलं की ठसा समोर येतो. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना जे प्रमाणपत्र लागतं त्यात हा हॅश विचारलेला आहे, म्हणून त्याच दिवशी काढून ठेवा.

सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर मुंबई शाखेकडे द्या. गावच्या कपाटातल्या ड्राइव्हला पावसाळी दमट हवा आणि समुद्रकाठचा खार सोडत नाही.

आणि मंडळाचं ते वेगळं गुगल खातं. अंक निघाल्यावर त्याकडे कोणी बघत नाही, आणि दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल आतल्या मजकुरासह काढून टाकू शकतं. पासवर्ड दोघांकडे ठेवा, एक गावातला आणि एक मुंबईचा. खात्याचा रिकव्हरी नंबर चालू आहे ना हे बघा, आणि दर गणपतीत, सगळे गावी असताना, एकदा लॉग-इन करून फोल्डर उघडून पाहा.